तक्त्यातील तिसरी ओळ

विद्यापीठाच्या संशोधनाचे मोल शोधनिबंधांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा पडली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातून दरवर्षी असे हजारो निबंध प्रसिद्ध होतात. मला मात्र त्यांतील एकाविषयीच लिहावयाचे आहे.

मार्च २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी व मार्टिन लँड्रे यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांतून ‘रिकव्हरी’ चाचणी सुरू झाली. कोणत्या कोविडग्रस्तास कोणते औषध मिळेल, हे केवळ यदृच्छेने ठरे. २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन मिळाले, ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण व्हेंटिलेटरवरील रुग्णांत ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, तर केवळ ऑक्सिजन लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर. १६ जून २०२० रोजी निष्कर्ष जाहीर झाला आणि जगभर उपचार बदलले. औषध तरी कोणते, तर आपल्या प्रत्येकाच्या कपाटातले, काही रुपयांचे!

त्याच तक्त्यात तिसरीही ओळ होती. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांत लाभ दिसला नाही. औषधाविना मृत्यू १४ टक्के, औषधासह १७.८. हा फरक योगायोगाचाही असू शकेल, परंतु औषध देण्यास आधार नव्हता, हे निश्चित.

ती ओळ मी वाचली होती. तरीही एप्रिल २०२१ मध्ये, नातेवाइकांच्या आग्रहापुढे नमून, ऑक्सिजन ९७ असलेल्या एका मधुमेही गृहस्थांना मी ती गोळी लिहून दिली. पुढे म्युकरमायकोसिसमुळे त्यांचा डावा डोळा काढावा लागला. मधुमेह होताच, दोष एकट्या गोळीचा म्हणता येणार नाही. पण चिठ्ठी माझी होती. ते गृहस्थ आजही तपासणीस माझ्याकडेच येतात.