अंतराळाचे सूर

देवळातील घंटेवर टोल पडला की तिचा नाद दूरवर ऐकू येतो. घंटेचा धातू थरथरतो, त्या थरथरीने भोवतालची हवा हालते आणि हवेच्या लहरी आपल्या कानांपर्यंत येऊन पोहोचतात. पण हवाच नसेल तर? घंटा हालेल, तिचा लोलक तिच्यावर आदळेल. आवाज मात्र मुळीच ऐकू येणार नाही. पृथ्वीचे वातावरण मागे टाकून वर गेल्यावर अशीच स्थिती आढळते. चंद्रावर उतरलेले दोन अंतराळवीर अगदी शेजारी उभे असले, तरी रेडिओवाचून त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नसे. अंतराळ हे असे निःशब्द आहे.

असे असूनही माणसाने अंतराळाचे संगीत रचले आहे! ज्या ठिकाणी आवाज नाही, तेथील सूर त्याला कोठून सापडले? ते त्याने कानांनी ऐकले नाहीत, कल्पनेने ऐकले. अशाच एका रचनेची ही हकिकत आहे. ती आपल्याच देशात, अहमदाबाद शहरी, साबरमतीच्या काठी घडली.

अहमदाबादेतील साराभाई हे उद्योगपतींचे घराणे. ह्या घराण्यातील डॉक्टर विक्रम साराभाई ह्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. भारताच्या अंतराळ-संशोधनाचा पाया त्यांनी घातला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा ह्या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण आकाशात गेला, तो त्यांच्याच पुढाकाराने. त्यांचे वडील बंधू गौतम आणि धाकटी बहीण गिरा ह्यांनी अहमदाबादेत एक निराळीच संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. १९६१ साली स्थापन झालेली ही संस्था ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन’ ह्या नावाने आजही प्रसिद्ध आहे. रोजच्या वापरातील वस्तू सुबक व सोयीच्या कशा कराव्या, ह्याचे शिक्षण तेथे दिले जाते.

दुसरी बहीण गीता ही संगीताची अभ्यासक होती. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या. तेथे जॉन केज ह्या अमेरिकन संगीतकाराने त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवले आणि त्यांनी केजला भारतीय संगीताची ओळख करून दिली. अशा रीतीने एकाच घरातील भाऊ आकाशाचा वेध घेत होता आणि बहीण दूरदेशीच्या सुरांकडे कान लावून बसली होती.

१९६९ साली केजचे निकटचे सहकारी, प्रसिद्ध पियानोवादक डेव्हिड ट्यूडर हे अहमदाबादला आले. त्यांनी त्या संस्थेत एक अपूर्व यंत्र बसवून दिले. त्याचे नाव ‘मोग सिंथेसायझर’. अमेरिकेतील रॉबर्ट मोग ह्या तंत्रज्ञाने १९६४ साली असे पहिले यंत्र तयार केले होते. अहमदाबादेतील ह्या ध्वनिकक्षाला भारतातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष मानतात.

हे वाद्य पाहून ते वाद्य आहे असे कोणास वाटले नसते. त्याला ना तार, ना कातडे, ना भाता. एक मोठे कपाट, त्यावर फिरवायच्या बटणांच्या रांगा, शेकडो लहान छिद्रे आणि एका छिद्रातून दुसऱ्यात जोडलेल्या वायरींचे जाळे! जुन्या काळच्या टेलिफोन केंद्राची आठवण व्हावी, असे त्याचे रूप होते.

मग त्यातून सूर कसा निघे? वाद्याची तार थरथरते, तशी ह्या यंत्रात वीज थरथरते. यंत्रातील एक भाग विजेला सेकंदाला ठरावीक वेळा हेलकावे देतो. हे हेलकावे ध्वनिवर्धकात गेले, की त्याचा पडदा तितक्याच वेळा कापतो आणि सूर उमटतो. हेलकावे जलद झाले म्हणजे सूर चढतो. संथ झाले म्हणजे उतरतो. यंत्राला दिलेला विद्युद्दाब एका व्होल्टने वाढवला, की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. दुसरा एक भाग पावसाच्या सरींसारखी एकसारखी सरसर निर्माण करतो. तिसरा भाग गाळणीचे काम करतो. चाळणी जसा कोंडा अडवून पीठ खाली सोडते, तशी ही गाळणी काही कंपने अडवते व काही पुढे सोडते. तिच्यामुळे एकच सूर कधी बासरीसारखा कोमल, तर कधी भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा दाट होतो. कोणता भाग कोणत्या भागास जोडावा, हे वादकानेच ठरवायचे असते. म्हणजे वाजवण्यापूर्वी दर वेळी जणू नवे वाद्यच बांधावयाचे!

यंत्र परदेशातले; पण त्यापुढे बसणाऱ्यांचे कान भारतीय होते. तंबोऱ्याच्या अखंड षड्जाप्रमाणे ह्या यंत्राचा सूर न तुटता घुमत राहू शके. पेटीच्या पट्ट्यांवर मींड काढता येत नाही. ह्या यंत्राचे बटण हळूच फिरवले, की सूर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अलगद घसरत जाई. गीता साराभाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, अतुल देसाई व जिनराज जोशीपुरा ह्यांनी त्यावर नाना प्रयोग केले. माथुरांच्या एका रचनेच्या नावात तंबोरा आहे, तर दुसरीच्या नावात पक्षी आहेत. १९७० साली जपानमधील ओसाका शहरी भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी देसाई ह्यांनी ध्वनिमुद्रणे केली.

ह्यांपैकी तरुण जोशीपुरा ह्यांचे मन आकाशात गेले. तो काळच तसा होता. १९६९ च्या जुलै महिन्यात मानवाचे पहिले पाऊल चंद्रावर पडले. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारताची अंतराळ-संशोधन संघटना स्थापन झाली. मात्र आपल्या देशाचा एकही उपग्रह तोवर आकाशात गेला नव्हता. पहिला उपग्रह ‘आर्यभट’ १९७५ साली गेला. अशा वेळी जोशीपुरांनी आपल्या रचनेला नाव दिले ‘स्पेस लायनर २००१’. लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गाने ये-जा करणारे मोठे प्रवासी जहाज. तीस वर्षांनंतर अशी जहाजे अंतराळातून प्रवास करतील, अशी कल्पना ह्या नावात आहे. देशाजवळ साधा उपग्रह नसताना प्रवासी अंतराळयानाचे सूर जुळवणे, ही केवढी झेप!

परंतु ह्या यंत्रात एक मोठी उणीव होती. त्याला स्मरणशक्ती नव्हती. आजचे संगणक एकदा जमवलेला आवाज साठवून ठेवतात व हवा तेव्हा पुन्हा देतात. मोगच्या वायरी उपटल्या आणि बटणे फिरवली, की तासन् तास खपून जमवलेला आवाज नाहीसा होई. शिवाय त्यावर एका वेळी बहुधा एकच सूर वाजे. म्हणून वादक एक सूर ध्वनिफितीवर मुद्रित करीत, मग दुसरा त्यावर चढवीत. फीत म्हणजे प्लॅस्टिकची अरुंद पट्टी. तिच्यावर लोहाच्या संयुगाची पूड बसवलेली असते आणि त्या पुडीच्या चुंबकत्वात ध्वनी टिकून राहतो. म्हणून फीत राहिली तरच संगीत राहणार. फीत गेली की सारे गेले.

१९७२ नंतर हे प्रयोग थांबले. फितींची रिळे संस्थेच्या संग्रहात जाऊन पडली. उष्ण आणि दमट हवेत फितीवरील पूड सुटू लागते. वापरात नसलेली जुनी रिळे निरुपयोगी समजून फेकूनही दिली जातात. तसे झाले असते, तर अहमदाबादेत असे काही घडले होते हेसुद्धा आज फारसे कोणास ठाऊक नसते. पण ती रिळे कोणी फेकली नाहीत. चाळीसहून अधिक वर्षे लोटल्यावर लंडनचे कलावंत पॉल पुर्गस ह्यांनी त्या संग्रहात त्यांचा शोध घेतला. फितींवरील ध्वनी नव्या साधनांवर उतरवून घेण्यात आला, आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. ‘स्पेस लायनर २००१’ ही त्यांतच आहे. ती जगाला ऐकू आली, तेव्हा २००१ साल उलटून बावीस वर्षे झाली होती.

२००१ साली प्रवाशांची जहाजे ताऱ्यांकडे निघाली नाहीत, हे खरे. तरीही त्या रचनेचे मोल कमी होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचा एक भारतीय तरुण आकाशाकडे पाहून काय स्वप्न पाहत होता, हे आपणांस दुसऱ्या कोणत्याही मार्गाने ऐकता आले नसते. ते स्वप्न रचणाऱ्याने रचले. पण आपल्यापर्यंत ते पोहोचले, ते रिळे सांभाळून ठेवणाऱ्या अनामिक हातांमुळे.  आपल्या घरी, शाळेत वा गावच्या ग्रंथालयात एखादी जुनी वही, एखादे छायाचित्र किंवा एखादी फीत धूळ खात पडलेली असेल. ती टाकून देण्यापूर्वी तिच्यात काय आहे, हे एकवार पाहावे. नवे निर्माण करणारा मोठा खराच. जे निर्माण झाले ते जपणाराही त्याच्याच तोलाचा होय.

स्वाध्याय

१. अंतराळात आवाज का ऐकू येत नाही? घंटेचे उदाहरण घेऊन सांगा.
२. मोग सिंथेसायझरमधील ‘गाळणी’ कोणते काम करते?
३. ह्या यंत्राला स्मरणशक्ती नव्हती, असे लेखकाने का म्हटले आहे?
४. ‘देशाजवळ साधा उपग्रह नसताना प्रवासी अंतराळयानाचे सूर जुळवणे, ही केवढी झेप!’ ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : वेध घेणे, पाया घालणे, धूळ खात पडणे, तोलाचा असणे.
६. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू शोधा. ती कोणाची, कोणत्या काळातील व ती का जपून ठेवली आहे, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.