पोलीस ठाण्यातला कॅमेरा आणि आपला अर्ज

मैत्रिणींनो, पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या पोटात गोळा येतो. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार असो की मुलाला चौकशीला नेलेलं असो, आत काय झालं याला साक्षीदार कोण? म्हणून या वेळी ठाण्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची माहिती घेऊ.

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. मुख्य दार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू, सगळीकडे. स्वच्छतागृहाच्या फक्त बाहेर, आत नाही. अंधारातलं दिसलं पाहिजे आणि आवाजही ऐकू आला पाहिजे. चित्रण १८ महिने ठेवायचं. तशी सोय मिळत नसेल तर निदान एक वर्ष.

आपल्याला कोणी बघतंय हे माहीत असलं की माणूस हात आवरतो, जीभही आवरतो. प्रामाणिक पोलिसालाही खोट्या आरोपातून कॅमेराच वाचवतो. पण कॅमेरा बंद असला तर? ही भीती खरी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाने हा विषय स्वतःहून पुन्हा हाती घेतला.

कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांची. त्यांच्यावर जिल्हा समितीची देखरेख. या समितीत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक असतात. ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषदेच्या प्रमुखांनाही न्यायालयाने त्यात जागा दिली आहे. म्हणजे आपण मत देऊन निवडलेल्या माणसांनाही याबद्दल विचारता येतं.

आपण काय करायचं?

१. ठाण्यात कॅमेऱ्याचा फलक मराठीत आहे का ते बघा. तक्रार कुठे करायची तेही त्यावर लिहिलेलं असायला हवं.

२. घरी आल्या आल्या वहीत लिहा: तारीख, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, कुठे बसवलं, कोण काय बोललं.

३. अन्याय झाला असेल तर पोलीस अधीक्षकांना लगेच अर्ज द्या: ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं.’ हा आपला हक्क आहे. पोच घ्यायला विसरू नका. लिहिता येत नसेल तर गटाच्या सचिव ताईंनी लिहून द्यावा.

४. मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करता येते. आयोग चित्रण मागवू शकतो.

कॅमेऱ्यात सगळं असलं तरी मुदत संपली की ते पुसलं जातं. म्हणून ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं करू नका.

बैठकीत चर्चेसाठी: आपल्या ठाण्यात फलक कोणी पाहिला आहे? पुढच्या वेळी कोणी एकटी जाऊ नये म्हणून सोबत कोण जाईल?