घरचे भजन आणि बहुपथ ध्वनिमुद्रक

नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान आहे आणि कीर्तनास दुसरे. हा क्रम मननीय आहे. ऐकून ठेवणारा कोणी उरला नाही, तर गाणे पुढील पिढीकडे जात नाही. आपल्या वडीलधाऱ्यांच्या कंठी असलेली पदे, भूपाळ्या आणि आरत्यांच्या जुन्या चाली यांची आज हीच अवस्था आहे. शब्द पुस्तकात सापडतात. चाल मात्र गाणाऱ्याबरोबर जाते. यास्तव ती घरच्या घरी टिपून ठेवावयाची तर यंत्र कोणते घ्यावे, याचा विचार या पाठात करू.

अब्दुल करीमखाँसाहेब १९३७ साली निवर्तले. पण त्यांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आजही आवडीने ऐकल्या जातात. अल्लादियाखाँसाहेब त्यानंतर नऊ वर्षांनी, १९४६ साली गेले. त्यांचे गायन मात्र ऐकावयास मिळत नाही. ध्वनिमुद्रण झाले आणि न झाले, यातील अंतर एवढे मोठे आहे. सिल्वासावर तर गाण्याचे ऋणच आहे. १९५४ साली या भूमीच्या मुक्तिसंग्रामाला निधी मिळावा म्हणून पुण्यास लता मंगेशकर यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला, आणि संगीतकार सुधीर फडके स्वतः त्या संग्रामात उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, फडके यांनी स्वरबद्ध केलेले गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागले.

आता यंत्राकडे वळू. साधा ध्वनिमुद्रक सर्व आवाज एकत्र टिपतो. एकदा पेटी मोठी आणि गळा लहान झाला की तो दोष कायम राहतो. बहुपथ, म्हणजे मल्टिट्रॅक, ध्वनिमुद्रकात प्रत्येक आवाजास स्वतंत्र वाट मिळते. तिलाच ट्रॅक म्हणतात. मागाहून एकेक आवाज लहानमोठा करून सर्वांचा मेळ घालता येतो. १९७९ साली टिॲक कंपनीने कॅसेटवर चालणारे चार ट्रॅकचे यंत्र काढले आणि ही सोय घरात आली. आज कॅसेटची जागा नखाएवढ्या कार्डाने घेतली आहे.

यंत्र घेताना बहुतेकजण ट्रॅक किती, एवढेच विचारतात. खरा प्रश्न निराळा आहे: एकाच वेळी किती आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर टिपता येतात? टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्स या यंत्रात ट्रॅक आठ आहेत, परंतु एका वेळी दोनच टिपता येतात. झूम कंपनीच्या एच-६ मध्ये बाहेरचे चार मायक्रोफोन आणि यंत्राचे स्वतःचे दोन मिळून सहा आवाज एकदम टिपले जातात. यांत श्रेष्ठ कोणते, हे गाणारा कोण यावर ठरते.

घरात एकच व्यक्ती गाणारी असेल, तर आधी पेटी टिपावी, मग ती हेडफोनवर ऐकत गावे, शेवटी टाळ धरावा. यास दोन पुरेत. भजनी मंडळाचे तसे नाही. गायक सम गाठतो ती पखवाज्याकडे पाहून, आणि टाळकरी लय वाढवितात ती गायकाचा रंग पाहून. त्यांना एकेकटे बसवून टिपले, तर सूरताल जुळतील, पण भजन उरणार नाही. येथे गळा, पेटी, पखवाज व टाळ असे निदान चार आवाज एकदम घेणारे यंत्र हवे. टाळांचा नाद सर्वत्र शिरतो, म्हणून टाळकरी दूर बसवावे आणि गायकाचा मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवावा. आपल्या शेजारच्या वारली बांधवांचा तारपा टिपावयाचा, तर वादक स्वतः नाचणाऱ्यांबरोबर फिरत असतो. तेथे तारा लावणे शक्यच नाही. त्यांची अनुमती घेऊन, बॅटरीवर चालणारे व स्वतःचे मायक्रोफोन असलेले लहान यंत्र हाती धरावे.

आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. कंडेन्सर जातीचा मायक्रोफोन असल्यास यंत्रातून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळाला पाहिजे. २४ बिट आणि ४८,००० हर्ट्झ या मापाने टिपल्यास एका ट्रॅकला मिनिटास सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे चार ट्रॅकचे तासभराचे भजन सुमारे २ गिगाबाइट होते. ३२ गिगाबाइटच्या कार्डात अशी पंधरा भजने बसतील. तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची. ती दर्शकाच्या माथ्याखाली १२ डेसिबलच्या आसपास राखावी. मंद आवाज मागाहून वाढविता येतो, पण फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

आमच्याकडून घडलेली एक चूक येथे सांगणे कर्तव्य आहे. आमच्या परिचयातील एका आजींना पहाटेच्या भूपाळ्या अशा चालींत येत असत, ज्या आम्ही अन्यत्र ऐकल्या नव्हत्या. त्या टिपण्याचे ठरले. परंतु कोणते यंत्र उत्तम, या चर्चेत चार महिने गेले. मग पावसाळा लागला. पत्र्यावर पाऊस वाजत असता ध्वनिमुद्रण कसे करावे, म्हणून दिवाळीचा वायदा केला. दिवाळीपूर्वीच आजी गेल्या. आमच्यापाशी आज उत्तम यंत्र आहे, आणि त्या भूपाळ्या नाहीत.

तात्पर्य, आपल्या घरी एका वेळी किती आवाज टिपावयाचे ते मोजावे, तेवढ्यांना पुरेल असे साधे यंत्र घ्यावे आणि विलंब करू नये. यंत्र येईपर्यंत हाताशी असलेल्या फोनवर टिपले, तरी ते न टिपण्याहून शतपटीने बरे. वाचकांनी येत्या एकादशीस घरातील ज्येष्ठांपाशी बसावे, त्यांना कोणकोणती पदे येतात त्यांची यादी करावी, आणि त्यांतील एक तरी पद त्याच दिवशी टिपून ठेवावे. हाच या पाठाचा स्वाध्याय.