तलवार म्यान झाली

इ. स. १८५३ मध्ये अमेरिकेच्या चार युद्धनौका जपानच्या किनाऱ्याशी येऊन ठाकल्या. त्यांच्या तोफांपुढे सामुराई योद्ध्यांच्या तलवारींचे काही चालण्याजोगे नव्हते. हे शल्य तरुण सामुराईंना बोचू लागले. १८६८ साली त्यांनी शोगुन या सेनाधिपतीची सत्ता उलथून सम्राट मेइजीच्या नावाने नवे राज्य उभारले. १८७२ मध्ये टोकियोहून योकोहामास आगगाडी धावू लागली. पुढल्या वर्षी शेतकऱ्यांच्या मुलांनाही सैन्यात घेण्याचा कायदा झाला. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेस तलवार बांधून हिंडण्याची बंदी झाली. क्रांतीचा एक अग्रणी साइगो ताकामोरी याने १८७७ मध्ये बंड पुकारले. शेतकरीपुत्रांच्या नव्या सैन्याने ते मोडले. साइगो धारातीर्थी पडला. ज्यांनी नवयुगाचे दार उघडले, त्यांनाच आपली तलवार उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली.