साठवण आणि जतन

प्रस्तावना

लग्नकार्य असो, सहल असो वा शाळेचे स्नेहसंमेलन, छायाचित्रांवाचून कोणताही प्रसंग आता पार पडत नाही. एका दिवसात शेकडो चित्रे निघतात आणि ती सारी बोटाच्या पेरावर मावणाऱ्या मेमरी कार्डात जाऊन बसतात. हे कार्ड आतून कसे असते, त्याची क्षमता एवढी कशी वाढली आणि त्यात ठेवलेले किती काळ टिकते, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. ‘साठवणे’ आणि ‘जतन करणे’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. त्यांत फरक आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यास काय गमवावे लागते, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• छायाचित्रांच्या साठवणुकीत झालेले बदल क्रमाने सांगता येतील;
• मेमरी कार्डाचे कार्य सोप्या शब्दांत स्पष्ट करता येईल;
• साठवण आणि जतन यांतील फरक उदाहरणांसह मांडता येईल;
• अर्थाने जवळच्या शब्दांतील सूक्ष्म छटा ओळखता येतील.

मूळ पाठ

१. छत्तीस चित्रांचा हिशेब

फिल्मच्या काळात कॅमेऱ्यात रोल भरावा लागे. त्यावर बहुधा २४ किंवा ३६ चित्रे निघत. कळ दाबली की एक जागा कायमची खर्च होई. म्हणून चौकट नीट जुळेपर्यंत छायाचित्रकार थांबत असे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांच्या कणांवर प्रकाश पडून चित्र उमटे आणि तीच फिल्म धुतल्यावर ते चित्र वर्षानुवर्षे सांभाळत असे. चित्र टिपणे आणि ते ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वस्तूकडे होती.

डिजिटल कॅमेऱ्याने ही कामे वेगळी केली. प्रकाश टिपण्याचे काम संवेदक करू लागला. टिपलेले चित्र ठेवण्यासाठी दुसरे साधन शोधावे लागले. हा शोध सोपा नव्हता. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचे, तेही कृष्णधवल होते. चित्र टिपायला सेकंदाचा अल्पसा अंश पुरे. परंतु ते कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद लागत. डिजिटल छायाचित्रणाची खरी अडचण साठवणुकीत होती, हे त्या पहिल्याच कॅमेऱ्याने दाखवून दिले.

२. कपाटापासून पेरापर्यंत

माहिती साठवण्याच्या साधनांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहू. १९५६ साली आयबीएम कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर माहिती ठेवणारे यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि यंत्राचे वजन एक टनाच्या आसपास होते. एवढ्या खटाटोपातून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रच जवळपास तेवढी जागा घेते.

पुढे फ्लॉपी आली. साडेतीन इंची फ्लॉपीची क्षमता १.४४ मेगाबाइट होती. १९९७ साली सोनी कंपनीने थेट फ्लॉपीवर चित्रे उतरवणारे कॅमेरेही विकायला काढले. मात्र कॅमेऱ्याला हवे होते असे साधन, ज्यात फिरणारा भाग नाही, जे धक्क्याने बिघडत नाही आणि वीज बंद झाली तरी ज्यातील माहिती पुसली जात नाही.

असे साधन जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून मिळाले. त्यांनी १९८४ साली ‘फ्लॅश मेमरी’ची कल्पना जाहीरपणे मांडली, १९८७ साली तिचा ‘नँड’ हा अधिक दाट साठवण करणारा प्रकार पुढे आला. या मेमरीतील माहितीचा मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो. ते पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव रूढ झाले. ज्या कॅमेऱ्यावरून हे नाव पडले, त्याच कॅमेऱ्यात ही मेमरी पुढे जाऊन बसली.

१९९४ साली कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आले. १९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड जाहीर केले. ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद आणि २.१ मिलिमीटर जाड अशा या कार्डाची सुरुवातीची क्षमता ३२ वा ६४ मेगाबाइट होती. मूळ प्रमाणकाची मर्यादा २ गिगाबाइट होती. ती २००६ साली ३२ गिगाबाइट, २००९ साली २ टेराबाइट आणि २०१८ साली १२८ टेराबाइट इतकी वाढवण्यात आली. प्रत्यक्षात १ टेराबाइटची कार्डे २०१९ साली बाजारात आली. ६४ मेगाबाइटच्या तुलनेत ही वाढ पंधरा हजार पटींहून अधिक आहे. कार्डाचे आकारमान मात्र तेच राहिले. एक छायाचित्र सरासरी ४ मेगाबाइटचे धरले, तर पहिल्या कार्डात १६ चित्रे मावतील आणि दुसऱ्यात अडीच लाख. अडीच लाख चित्रांसाठी ३६ चित्रांचे सुमारे सात हजार रोल लागले असते.

३. कार्डाच्या अंतरंगात

संगणकाला सारी माहिती शून्य आणि एक या दोनच अंकांत समजते. असा एक अंक म्हणजे एक बिट. फ्लॅश मेमरीत सिलिकॉनच्या चकतीवर अब्जावधी सूक्ष्म पेशी असतात. प्रत्येक पेशीत एक लहानसा कप्पा असून त्याच्या चोहोबाजूंना वीज वाहू न देणारे आवरण असते. विशिष्ट दाबाची वीज दिली की इलेक्ट्रॉन ते आवरण ओलांडून कप्प्यात शिरतात आणि वीज बंद झाल्यावर तेथेच अडकून राहतात. तोंड लिंपून बंद केलेल्या कणगीत धान्य राहावे, तसे हे आहे. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, यावरून शून्य आणि एक ओळखले जातात.

क्षमता तीन मार्गांनी वाढली. पहिला मार्ग, पेशी लहान करणे. दुसरा, एका पेशीत अधिक बिट बसवणे. पेशीत नुसते ‘आहे’ किंवा ‘नाही’ न पाहता किती विद्युत्भार आहे हे मोजले, तर एकाच पेशीत दोन, तीन वा चार बिट मावतात. तीन बिटांसाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. तिसरा मार्ग, पेशींचे थर एकावर एक रचणे. शहरात जमीन अपुरी पडली की इमारतींवर मजले चढतात, त्यातलाच हा प्रकार. २०१३ साली २४ थरांची मेमरी बाजारात आली. आता ही संख्या दोनशेच्या पुढे गेली आहे.

या वाढीची किंमतही मोजावी लागते. लिहिताना आणि पुसताना पेशीचे आवरण दर वेळी थोडे झिजते. एका पेशीत जितक्या जास्त पातळ्या, तितकी त्यांच्यातील तफावत कमी आणि चूक होण्याचा संभव अधिक. म्हणून कार्डातील नियंत्रक हा छोटा घटक झीज सर्व पेशींत विभागत राहतो आणि चुका दुरुस्त करतो. तरीही वापराला मर्यादा आहे. शिवाय कार्ड वर्षानुवर्षे नुसते पडून राहिले, तरी कप्प्यातील भार हळूहळू झिरपून जाऊ शकतो. मेमरी कार्ड हे माहितीची ने-आण करण्याचे उत्तम साधन आहे. तिचे कायमचे घर नव्हे.

४. एकाच कणगीत सारे धान्य

रोल हरवला तर ३६ चित्रे जात. मोठे कार्ड हरवले वा बिघडले, तर कित्येक वर्षांची चित्रे एका क्षणात जातात. क्षमता वाढली, तशी एका अपघातात होणाऱ्या हानीची व्याप्तीही वाढली.

चुकून पुसलेल्या चित्रांबाबत एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. चित्र पुसताना बहुधा कार्डाच्या अनुक्रमणिकेतील त्याची नोंद तेवढी काढली जाते. मूळ माहिती त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहू शकते. म्हणून चूक लक्षात येताच कार्डाचा वापर थांबवला, तर चित्रे परत मिळण्याची शक्यता राहते. नवी माहिती लिहिली गेली, की मात्र इलाज उरत नाही.

जागा पुन्हा वापरण्याच्या गरजेपोटी मौल्यवान ठेवा कसा जातो, याचे उदाहरण अमेरिकेच्या अंतराळसंस्थेने दिले आहे. १९६९ साली माणसाने चंद्रावर प्रथम पाऊल ठेवले, तेव्हाची अधिक स्पष्ट चित्रे ज्या मूळ चुंबकीय फितींवर होती, त्या फिती बहुधा नंतर पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ साली जाहीर केला. दूरचित्रवाणीवरून प्रसारित झालेल्या प्रती ठिकठिकाणी सुरक्षित होत्या. म्हणूनच ते दृश्य आज पाहता येते.

५. वाचणारा हवा

वस्तू टिकली म्हणजे तिच्यातील माहिती टिकली, असे होत नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमीनमहसुलाची मोठी नोंदवही तयार झाली. ती ‘डूम्सडे बुक’ या नावाने ओळखली जाते. तिला ९०० वर्षे झाली तेव्हा, १९८६ साली, बीबीसीने लाखो लोकांच्या साहाय्याने देशाची नवी नोंद लेसर तबकड्यांवर तयार केली. पंधरा-सोळा वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि ती माहिती सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खास प्रयत्न करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीची चर्मपत्रे मात्र तज्ज्ञांना वाचता येत होती.

मराठी वाचकाला हा अनुभव परका नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आणि तमिळनाडूतील तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी राजवटीचे कागद यांतील बराच भाग मोडी लिपीत आहे. भाषा मराठी आणि कागदही शाबूत आहेत. परंतु मोडी वाचणारे थोडे उरल्याने बहुतेक मराठी भाषकांना ते कागद मुके वाटतात. वाचनयंत्र नसलेली तबकडी आणि लिपीचा जाणकार नसलेला कागद यांची अवस्था सारखीच.

६. जतन कसे होते?

ताडपत्रावरील ग्रंथ शतकानुशतके टिकले, ते एकाच प्रतीला जपल्यामुळे नव्हे. पान जीर्ण होण्याआधी कोणी तरी नवी प्रत करीत असे. डिजिटल साठवणुकीलाही हाच न्याय लागू आहे. छायाचित्रकार ‘तीन-दोन-एक’ हा नियम पाळतात : महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. काही वर्षांनी या प्रती उघडून पाहाव्यात आणि जुन्या साधनावरून नव्यावर उतरवाव्यात.

याहून अवघड काम निवडीचे आहे. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील अफाट कागदांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले. त्यामुळे तो ठेवा अभ्यासकांच्या हाती आला. अडीच लाख चित्रांच्या ढिगात आजीचे एकुलते एक चांगले छायाचित्र कुठे आहे हे सापडत नसेल, तर ते असून नसल्यासारखेच. निवडलेल्या चित्राला नाव, गाव आणि दिनांक यांची जोड द्यावी लागते. नाही तर दोन पिढ्यांनंतर चित्रातील चेहरे अनोळखी होतात.

साठवणुकीसाठी क्षमता लागते आणि ती बाजारात विकत मिळते. जतनासाठी काळजी, निवड आणि सातत्य लागते. ती ज्याची त्यालाच घ्यावी लागते.

शब्दार्थ

संवेदक – प्रकाश टिपून त्याचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करणारा घटक
प्रमाणक – सर्वांनी मान्य केलेले ठरावीक माप वा नियम
कणगी – धान्य साठवण्याचे बांबूचे, शेणामातीने लिंपलेले पात्र
पुराभिलेखागार – जुने सरकारी कागद सांभाळणारी संस्था

भाषाभ्यास

‘साठवणे’, ‘ठेवणे’, ‘जपणे’, ‘सांभाळणे’ आणि ‘जतन करणे’ ही क्रियापदे अर्थाने जवळची आहेत. धान्य साठवतात, पुस्तक फळीवर ठेवतात, तब्येत जपतात, लहान मूल सांभाळतात आणि वारसा जतन करतात. ‘साठवणे’ या शब्दात संचयाचा भाव आहे, तर ‘जतन करणे’ यात मोल ओळखून घेतलेली काळजी आहे. या पाचही क्रियापदांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

पाठगत प्रश्न

१. फिल्मकडे असलेली कोणती दोन कामे डिजिटल कॅमेऱ्यात वेगळी झाली?
२. फ्लॅश मेमरीला हे नाव कशावरून मिळाले?
३. मेमरी कार्डाची क्षमता वाढवण्याचे तीन मार्ग कोणते?

स्वाध्याय

१. ‘क्षमता वाढली, तशी एका अपघातात होणाऱ्या हानीची व्याप्तीही वाढली.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. लेसर तबकड्या आणि मोडी कागद यांच्या अवस्थेतील साम्य आठ ते दहा ओळींत लिहा.
३. तुमच्या घरातील छायाचित्रांपैकी पुढील पिढीसाठी ठेवावीत अशी दहा चित्रे निवडा. प्रत्येकाखाली नाव, स्थळ आणि दिनांक लिहा. माहिती नसल्यास घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्या.