केनिया सफारी: लस, गोळ्या आणि विमा यांचा हिशेब

जुलै ते सप्टेंबरात मसाईमारात वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात आणि मुंबई-पुण्याच्या सफारी टूर त्याच सुमारास भरतात. माणशी दोन-अडीच लाख भरताना जेवण शाकाहारी मिळेल का, जीपमध्ये खिडकीची जागा मिळेल का, हे सगळे विचारून होते. आरोग्याबद्दल टूरच्या पत्रकात बहुधा एकच ओळ असते: यलो फीव्हरची लस सक्तीची. ओळ खरी आहे, पण अपुरी. केनियात जिवावर बेतण्याचा धोका पिवळ्या तापापेक्षा मलेरियाचा जास्त, आणि मलेरियाचा कागद कुठल्याच काउंटरवर कोणी मागत नाही. म्हणून त्याच्यावर खर्चही होत नाही.

आधी सक्तीचे उरकू. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे आपला डेंग्यूवालाच, घराघरांत आहे. त्यामुळे सरकार याबाबत कडक आहे. लशीचा दाखला नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागते. भारतातून थेट नैरोबीला उतरलात तर जाताना फारसे कोणी अडवत नाही, अडते ते येताना. मधेच टांझानियात शिरणार असाल तर तिथल्या सीमेवरही दाखला मागतात.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. फॅमिली डॉक्टरने टोचलेली चालत नाही. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालय, पुण्यात ससूनचे बी. जे. मेडिकल कॉलेज, गोव्यात मुरगावचे बंदर आरोग्य कार्यालय ही त्यांपैकी काही केंद्रे. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे असते. सरकारी केंद्रात शुल्क 300 रुपयांच्या आसपास, मान्यताप्राप्त खासगी रुग्णालयात त्याच्या कित्येक पट. 'आज वेळ आहे, जाऊन येतो' असे इथे जमत नाही. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे केंद्रे वार ठरवून, आधी नाव नोंदवून माणसे बोलावतात. मूळ पासपोर्ट आणि झेरॉक्स दोन्ही न्या. दाखल्याचे पिवळे पुस्तक हातात पडले की तिथेच उभे राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही आणि शिक्का तपासा. दाखला लस घेतल्यापासून 10 दिवसांनी लागू होतो, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. सुई न टोचता दाखला 'करून देणारे' एजंट भेटतातच. त्यांच्या नादी लागू नका.

आई-बाबांना सोबत नेणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेतली तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. नऊ महिन्यांखालची बाळे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. डॉक्टर वैद्यकीय सवलतीचे पत्र देऊ शकतात, पण ते मानायचे की नाही हे विमानतळावरचा आरोग्य अधिकारी ठरवतो. सत्तरीच्या आईला सिंहच दाखवायचा असेल तर मी सरळ दक्षिण आफ्रिकेचे तिकीट काढीन. तिथे पिवळा ताप नाही आणि पिलानेसबर्ग, माडिक्वे ही अभयारण्ये मलेरियामुक्त आहेत. फक्त नैरोबी किंवा अदिस अबाबाला विमान बदलताना शहरात मुक्काम करू नका, नाहीतर दाखल्याची अट पुन्हा लागू होते.

आता मलेरिया. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका फार कमी, मारा आणि किनाऱ्यावरच्या मोम्बासात तो आहे. तिथला फॅल्सिपेरम प्रकारचा मलेरिया वेळेत उपचार न मिळाल्यास थोड्या दिवसांत माणूस घेऊन जातो. क्लोरोक्विनवर तिथे भिस्त ठेवता येत नाही. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम लिहून देतात: रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर 4 आठवड्यांपर्यंत. आठ दिवसांच्या सहलीला साधारण 38 गोळ्या, म्हणजे चार पट्ट्या. पाचशेच्या आत भागते, जेनेरिकमध्ये त्याहून कमी. बहुतेक जण घरी आल्यावर चार दिवसांत गोळ्या सोडतात, आणि घात तिथेच होतो. गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका पोळते. या औषधाने ऊनही जास्त लागते, आणि सफारी जीपचे छत उघडे असते, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन हवेच. आठ वर्षांखालची मुले आणि गरोदर स्त्रियांना ही गोळी देत नाहीत. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवसच घ्यावी लागते, पण ती महाग, आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहसा मिळत नाही. गोळी कुठलीही असो, डीईईटी किंवा पिकारिडिन असलेले डासरोधक (दोन-तीनशे रुपये) आणि संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे सुटत नाहीत.

टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लशी ऐच्छिक. प्रत्येकी साधारण दीड ते अडीच हजार. चाळिशीपुढच्या बऱ्याच जणांना लहानपणीच हिपॅटायटिस ए होऊन गेलेला असतो. फिल्टरचे पाणी पिऊन वाढलेल्या मुलांना मात्र ती लस द्यावी असे माझे मत. बजेट तोकडे असेल तर मोठ्यांची ही लस गाळा, डासरोधक गाळू नका.

विम्यात स्वस्त-महाग पाहण्याआधी दोन गोष्टी पाहा: बीपी-शुगरसारखे जुने आजार धरले आहेत का, आणि जंगलातून विमानाने हलवण्याचा खर्च मिळतो का. मारातल्या गंभीर रुग्णाला नैरोबीला विमानानेच न्यावे लागते. ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा यासाठीच आहे. तिचे सदस्यत्व काही टूरमध्ये धरलेले असते, तसे टूरवाल्याकडून लेखी घ्या. साठीखालच्या माणसाला आठवड्याचा विमा साधारण हजार-दीड हजारात मिळतो. साठीनंतर तो बराच चढतो.

लस, गोळ्या, डासरोधक, विमा आणि ओआरएसची पाकिटे धरून माणशी अडीच-तीन हजार. ऐच्छिक लशींसह सहा-सात हजार.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य 'आफ्रिकेतून आलोय' हेच सांगा. पावसाळ्यात इथे प्रत्येक ताप डेंग्यूच्या खात्यात जातो. मलेरियाची रक्तचाचणी त्याच दिवशी करा, काही शे रुपयांत होते. ती निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा करायची.