इंजिन खोलण्याआधी

भाच्या, जीवना बंदरावरच्या त्या पोराची पिकअप लिटरला बारा देते आणि तुझी दहावर अडते. दोन्ही बोलेरो, दोन्ही २५२३ सीसीच्या, सालही एकच. म्हणून इंजिन उतरवायचं तुझ्या मनात आलंय. थोडं थांब आणि ऐक. कारखान्यातून जोडीनं निघालेल्या गाड्या दोन-तीन मालकांच्या हातून गेल्या की सारख्या राहत नाहीत. एकीनं वर्षानुवर्षं चिरे वाहिलेले असतात, दुसरीनं पेणचे गणपती पेंढ्यात बसवून हळूहळू मुंबईला नेलेले असतात. आधीच्या मालकानं काय वाहिलं, काय बदललं, काय काढून टाकलं, हे कळेपर्यंत दोन गाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर तर बहुतेक वेळा दुखणं इंजिनात नसतंच, चाकांत असतं.

पण चाकांच्याही आधी तुझी मोजणी खरी आहे का ते बघ. हजाराचं डिझेल टाकायचं आणि काटा कुठवर आला ते बघायचं, याला हिशोब म्हणत नाहीत. एकाच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भर. पुढच्या खेपेलाही तसंच. एका टाकीवर जाऊ नको, चार-पाच टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र धर. मग ते किलोमीटर तरी खरे आहेत का, ते रस्त्याकडेच्या दगडांशी ताडून बघ. वीस दगड जाऊ देत आणि मीटर काय दाखवतो ते वहीत लिही. काही पिकअप ७.०० आर १५ टायरवर येतात, काही २१५/७५ आर १५ वर. दोन्हींच्या घेरात चार-पाच टक्क्यांचा फरक आहे. लहान टायरच्या गाडीला कुणी मोठे टायर चढवले तर गाडी खरी २०० किलोमीटर चालते आणि मीटरवर १९१ च्या आसपास पडतात. त्यात १६ लिटर गेले असतील तर खरं ॲव्हरेज साडेबारा, पण तुझ्या वहीत बाराही भरत नाही. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सला मीटरची केबल असते, तिच्या टोकाचं छोटं प्लास्टिकचं चक्र बदलताना दात चुकले तरी हाच घोळ. मागच्या हाउसिंगमधलं क्राऊन-पिनियन दुसऱ्या रेशोचं बसवलेलं असेल तर मात्र फरक खराखुरा असतो, कारण त्याच वेगाला इंजिनाचे फेरे वाढतात. चढावर ओढ छान लागते आणि सपाटीला डिझेल जातं. गाडी घेतानाच हे विचारायला हवं.

आता चाकं. पहाटे रस्ता मोकळा असताना एखादा सपाट सरळ पट्टा धर, ताशी ४० वर गाडी न्यूट्रल कर आणि आपोआप कुठवर जाते ते बघ. नंतर उलट दिशेनंही कर, म्हणजे वारा आणि उतार दोन्ही वजा होतात. त्या पोराची गाडी त्याच जागी तशीच सोडून बघा. तुझी आधी थांबली तर इंजिनाला बोल लावू नको, कारण तेव्हा ते चाकांना ओढतच नव्हतं. मग वीसेक किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत जा, उतर, आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेकजवळ हाताची मागची बाजू ने. चिकटवू नको, पोळशील. जे चाक बाकीच्यांपेक्षा तापलंय ते धरतंय. ब्रेकचे लायनर अडकलेले असतील, बेअरिंग जास्त आवळलेलं असेल, नाहीतर हॅन्डब्रेकची तार आतल्या आत गंजून परत सैल होत नसेल.

ही तार आपल्याकडे फार गंजते. खारी हवा सगळ्यांनाच आहे, पण तुझ्यासारख्या मासळीच्या गाडीला वरून बर्फाचं खारं पाणी मिळतं. ते फळ्यांच्या फटीतून थेट चेसीवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि त्या तारेवर गळत राहतं. हौद्याला एका कोपऱ्यात भोक ठेव, पाइप लाव आणि पाणी कॅनमध्ये घे, चाकाच्या अंगाला सोडू नको. रस्त्यावरही सांडू नको, मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर घसरतो. रोज माल उतरला की गोड्या पाण्यानं खालून धू. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा गाडी हॅन्डब्रेक ओढून उभी करू नको. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेव, चाकांना पुढून-मागून दगड लाव, हॅन्डब्रेक सोडून दे, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी थोडी फिरवून आण. दोन महिने ओढून ठेवलेले लायनर ड्रमला चिकटतात. नारळी पौर्णिमेनंतर धंदा सुरू होतो आणि पोरं म्हणतात, पावसाळ्यात बसून इंजिन बिघडलं. बंदीच्या काळात टाकीही भरलेली ठेव. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी धरतं, ते खाली बसतं, पत्रा गंजतो आणि तो गाळ फिल्टरपर्यंत जातो. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू त्यासाठीच दिलेला आहे, तो वापर.

टायरमधली हवा थंड टायरवर, कंपनीनं दिलेल्या आकड्याशी जुळवून बघ. पुढचे टायर आतून किंवा बाहेरून एकाच कडेला झिजत असतील तर अलाइनमेंट कर, कारण तशी चाकं रस्त्यावर घासत जातात आणि तेही डिझेलच आहे.

वजनाचं बोलतो. तुझ्या गाडीला आधीच्या मालकानं जादा कमानपाटे घातलेत, हौद्याला जाड पत्रा ठोकलाय, वर उंच सांगाडा उभा केलाय. ते वजन रिकाम्या परतीलाही तुझ्याबरोबर येतं. त्या सांगाड्यावरची ताडपत्री फडफडत असेल तर वारा धरते. ताशी ६० वरून ८० वर गेलास की वाऱ्याचा अडथळा पाऊणपट वाढतो. मासळी वेळेत पोचवायची घाई मला कळते, पण वडखळच्या कोंडीत अडकायचंच असेल तर पुढेमागे पळून काय मिळवतोस? कोंडीत गाडी हललीच नाही तर इंजिन बंद कर. नुसतं चालू ठेवलेलं एवढं इंजिन तासाला अर्धा लिटर आणि वर खातं.

मग इंजिनाकडे ये, तेही बाहेरूनच. तापमानाचा काटा बघ. पाऊण तास चालवूनही तो खालीच राहत असेल तर बहुधा कुणीतरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकलेला आहे. गाडी तापू नये म्हणून आपल्याकडे सर्रास काढतात. हा व्हॉल्व्ह साधारण ८० अंशांपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं. तो नसेल तर डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि आतली झीज वाढते. गाडी तापतच असेल तर रेडिएटर साफ कर, व्हॉल्व्ह नवा बसव. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धर. लाल मातीच्या रस्त्यांवर तो लवकर भरतो. टर्बो असेल तर त्याच्या रबरी पाइपांना चीर आहे का ते हात फिरवून बघ. एवढं सगळं ठीक असून धूर काळाच येत असेल तर पंप आणि नोझल तपासून घे. चिरे वाहणाऱ्या मालकानं ओढ यावी म्हणून पंपाचं डिझेल वाढवून घेतलेलं असतं, ते पूर्ववत करायला सांग.

आता एका गोष्टीसाठी मात्र तुला दटावतो. ताम्हिणी घाट उतरताना तू गाडी न्यूट्रल करतोस असं तुझ्या क्लीनरनं सांगितलं. यानं डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये पाय उचललास की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल घेतच राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद केलंस तर ब्रेकचा व्हॅक्यूमही जातो. चढताना ज्या गिअरनं चढलास त्याच गिअरनं उतर. कार्लेखिंडीसारख्या लहान उतारालाही हीच सवय ठेव.

आणि हिशोब नुसत्या लिटरमागच्या किलोमीटरचा ठेवू नको, फेरीचा ठेव. मुरूडला जाताना दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीनं गेलास तर खाडीचा पूर्ण वळसा वाचतो. जो वळसा घालून मोकळ्या रस्त्यानं जातो त्याचं ॲव्हरेज तुझ्यापेक्षा चांगलं दिसेल आणि डिझेल तुझ्यापेक्षा जास्त जळालेलं असेल. वहीत फेरीमागे चार आकडे लिही: किती किलो मासळी, किती बर्फ, किती लिटर डिझेल, बोटीचं भाडं किती. सप्टेंबरपर्यंतची पानं भरलीस की घेऊन ये, आपण दोघं बसून बघू.